हलवा, तिळाचा

तीळ, खसखस यांसारख्या बारीक दाण्यांवर साखरेच्या पाकाचे पातळ थर एकामागून एक चढवून, मंद आचेवर सतत हालवीत तयार केलेली काटेरी मिठाई. ती पांढरीशुभ्र किंवा रंगीत असते. मकरसंक्रांतीच्या सणासाठी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय व सधन घरांत ती परंपरेने घरीच केली जात असे. गाजर, दुध्या भोपळा किंवा रवा तुपात परतून केलेल्या हलव्याशी तिचे केवळ नावाचे साम्य आहे. हलवा हा शब्द ‘गोड पदार्थ’ या अर्थाच्या मूळ अरबी शब्दावरून फार्सीमार्गे मराठीत आला. दाणे सतत हलवावे लागतात म्हणून तो हलवा, ही व्युत्पत्ती सोयीची वाटली, तरी ती भाषाशास्त्राला धरून नाही.

तिळगुळाची वडी किंवा लाडू तासाभरात होतो. हलव्याला तीन-चार दिवस लागतात. तीळ, साखर, पाणी आणि थोडे दूध एवढीच त्याची सामग्री. पदार्थाचे सारे वैशिष्ट्य हाताच्या गतीत, आचेच्या अंदाजात आणि हवेच्या गुणात असते. त्यामुळे हलव्याच्या इतिहासाला दोन बाजू आहेत. साखर सामान्य घरात कशी व केव्हा पोहोचली, ही एक. आणि ती घडविणारे श्रम कोणाचे होते, ही दुसरी. पहिल्या बाजूची लिखित साधने विपुल आहेत. दुसरीची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, कारण ते काम घरातले होते आणि त्याला मोल नव्हते.

साखरेची पूर्वपीठिका : उसाचे मूळ स्थान न्यू गिनी व त्याच्या आसपासचा प्रदेश मानतात, परंतु उसाचा रस आटवून त्यापासून टिकाऊ, दाणेदार पदार्थ करण्याचे तंत्र भारतात विकसित झाले. कौटिलीय अर्थशास्त्रात क्षारवर्गातील पदार्थ म्हणून फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा यांची गणना केली आहे. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट रस आणि शर्करा म्हणजे खड्यासारखी दाणेदार साखर. शर्करा शब्दाचा मूळ अर्थच खडा किंवा रेव असा आहे. इ. स. ६४७ मध्ये तांग वंशातील ताइ-त्सुंग या चिनी सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठविली होती.

या पदार्थांबरोबर त्यांची नावेही पश्चिमेकडे गेली. शर्करा शब्दापासून फार्सी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ व पुढे युरोपीय भाषांतील साखरेचे शब्द निघाले. खंड शब्दापासून अरबी ‘कंद’ व त्यावरून इंग्रजीतील ‘कँडी’ हा शब्द आला. फाणिताचा प्रवास याहून लांबचा आहे. फार्सी ‘पानीद’ व अरबी ‘फानीद’ या रूपांतून तो स्पॅनिशमध्ये ‘अल्फेनिके’ झाला. मेक्सिकोमध्ये नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सणात साखरेच्या ज्या कवट्या व प्राणी करतात, त्या कलेला आजही याच नावाने ओळखतात. सणासाठी साखरेला आकार देण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. तिच्या शब्दसंपत्तीचा मोठा भाग मात्र भारतीय आहे. [⟶ ऊस, साखर].

तीळ हेही भारतातील अतिप्राचीन पीक असून हडप्पा येथील उत्खननात तिळाचे जळके दाणे सापडले आहेत. तिळात वजनाच्या सुमारे निम्मे तेल असते. म्हणून थंडीच्या दिवसांत तो पौष्टिक व उष्ण मानला गेला. श्राद्धादी पितृकार्यांत आणि संक्रांतीच्या स्नान, दान व भोजन यांत तिळाला प्राचीन काळापासून स्थान आहे. हलव्यात या दोन जुन्या पदार्थांचा संयोग झालेला आहे.

कृती : हलव्यासाठी तीळ निवडून, धुऊन, पूर्ण वाळवून हलके भाजून घेतात. तिळाप्रमाणेच खसखस, साबुदाणा, वरी, बडीशेप, चुरमुरे, डाळे, शेंगदाणे, काकडी किंवा टरबूज यांच्या बिया, लवंग व वेलदोडे यांचाही हलवा करतात. साखर भिजेल इतके पाणी घालून ती उकळतात. उकळी आल्यावर त्यात थोडे दूध घातले, की दुधातील प्रथिने साकळतात आणि साखरेतील मळी सोबत घेऊन वर येतात. ती काढून पाक स्वच्छ फडक्यातून गाळतात. पाक एकतारी किंवा त्याहून किंचित पातळ ठेवतात. तो फार घट्ट झाला, तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. फार पातळ राहिला, तर दाण्यावर बसत नाही.

कल्हई केलेली परात किंवा जाड बुडाची पितळी कढई शेगडीवर ठेवतात. निखारे राखेने झाकून आच मंद करतात. परातीत मूठभर दाणे घेऊन त्यांवर चमचाभर पाक सोडतात व बोटांच्या अग्रांनी ते हलकेच फिरवीत राहतात. पाक सुकून दाणे मोकळे झाले, की पुढचा चमचा. तळाशी जमणारी साखरेची भुकटी वेळोवेळी काढून परात पुसून घ्यावी लागते. नाहीतर दाणा धुरकट व बोथट होतो. हाच क्रम तासन्‌तास आणि पुढे दिवसेंदिवस चालतो. प्रारंभीचे थर गुळगुळीत असतात. दाणा पुरेसा भरला, की त्यावर बारीक उंचवटे दिसू लागतात आणि थरागणिक ते वाढत जातात. यालाच ‘काटा येणे’ किंवा ‘काटा फुटणे’ म्हणतात. सर्व बाजूंनी सारखा, टोकदार व न मोडणारा काटा ही उत्तम हलव्याची खूण होय. शेवटच्या काही थरांच्या पाकात केशर किंवा खाण्याचा रंग मिसळून रंगीत हलवा करतात.

काटा येण्याचे कारण साखरेच्या स्फटिकीभवनात आहे. २०° से. तापमानास १०० ग्रॅ. पाण्यात सुमारे २०० ग्रॅ. साखर विरघळते; १००° से. तापमानास हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. त्यामुळे गरम पाक दाण्यावर पसरून निवू लागला व त्यातील पाणी उडाले, की जादा साखर स्फटिकरूपाने दाण्यावर बसते. पृष्ठभागावर कोठे किंचित उंचवटा असेल, तर दाणे फिरताना परातीतील पाक प्रथम त्याला लागतो आणि तेथेच सुकतो. अशा रीतीने उंच भाग अधिक उंच होत जातो व मधल्या खळगी मागे राहतात. साखर हवेतील ओलावा शोषते. म्हणून दमट हवेत काटा धरत नाही. देशावरील पौष महिन्याची कोरडी थंडी या कामाला अनुकूल असते आणि घरातील स्त्रिया हलवा करण्यास पहाटेच बसत, त्याचे कारण हेच. संक्रांतीचा सण आणि हलवा यांची सांगड धर्माइतकीच ऋतूनेही घातलेली आहे.

मराठीत छापील पाकशास्त्र १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूपशास्त्र या पुस्तकापासून उपलब्ध आहे. परंतु पाक केव्हा सोडावा, बोटे किती हलकी ठेवावी आणि आच केव्हा कमी करावी, हे पुस्तकावरून कळण्यासारखे नव्हते. ही विद्या आईजवळ, सासूजवळ किंवा आत्याजवळ परातीपाशी बसूनच शिकावी लागे.

सणातील स्थान : मराठेशाहीतील पत्रव्यवहारात संक्रांतीनिमित्त शर्करायुक्त तीळ पाठविल्याचे व ते स्वीकारण्याची विनंती केल्याचे उल्लेख आढळतात. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल, तेथे तीळ पत्राबरोबर जात. विसाव्या शतकात टपालाने येणाऱ्या संक्रांतीच्या भेटपत्रात हलव्याचे चार दाणे घालण्याचा प्रघात होता. तो या जुन्या रीतीशी जुळणारा आहे. ओला लाडू लिफाफ्यात घालता येत नाही. कोरडा हलवा मात्र लांबचा प्रवास सोसतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तिळगूळ देताना गोड बोलण्याची विनंती करतात. वर्षभरातील कडवटपणा मिटविण्याचा हा एक सर्वमान्य मार्ग होता.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ होतात. विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नववधूला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजवितात. हार, बांगड्या, बाजूबंद, तन्मणी, चिंचपेटी, कंबरपट्टा, मंगळसूत्र असे सोन्यामोत्यांचे सर्व अलंकार हलव्यात उतरविले जात. काळ्या वस्त्रावर पांढरा दाणा उठून दिसतो. जावयासाठी हलव्याचा हार व हलव्याने मढविलेला नारळ करतात. लहान मुलांच्या बोरनहाणात त्यांना काळे झबले व हलव्याचे मुकुट, बासरी इ. अलंकार घालून डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे व हलवा ओततात. हलव्याचा दाणा ठिसूळ असल्यामुळे तो मण्यासारखा भोक पाडून ओवता येत नाही. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून सर गुंफावा लागे. एका हारासाठी असे शेकडो दाणे लागत.

हा पदार्थ महाराष्ट्रापुरताच मर्यादित नाही. उत्तर कर्नाटकात याच सणाला असाच काटेरी तीळ ‘कुसुरेळ्ळु’ या नावाने करतात, तर दक्षिण कर्नाटकात तीळ-गुळाच्या मिश्रणाबरोबर साच्यात ओतलेल्या साखरेच्या आकृती वाटतात. महाराष्ट्रात साच्याचे तंत्र होळी व गुढीपाडवा या सणांच्या साखरगाठींत वापरले जाते. लाकडी साच्यात दोरा ठेवून घट्ट पाक ओतला, की पदकांची माळ तयार होते. जत्रेतील साखरफुटाणे हे हलव्याचेच बाजारी भावंड म्हणता येईल. गाठी व साखरफुटाणे हे हलवायाचे काम राहिले. काटेरी हलवा मात्र दीर्घकाळ घरातच राहिला.

इतर देशांतील समांतर प्रकार : दाण्यावर साखर चढविण्याची कला अरब जगतातून युरोपात गेली. तेथे ती प्रथम औषधविक्रेत्यांच्या हाती होती. बडीशेप, धने इत्यादींवर साखर चढवून ते पाचक म्हणून विकत. ह्यू प्लॅट या इंग्रज लेखकाच्या १६०२ च्या डिलाइट्स फॉर लेडीज या पुस्तकात निखाऱ्यांवर टांगलेल्या पात्रात बिया घेऊन, पळीने पाक सोडीत हाताने हालविण्याची कृती सविस्तर दिलेली आहे. खडबडीत दाणा हवा असल्यास पाक अधिक आटवून गरम ओतावा, असेही तो सांगतो. मराठी गृहिणीच्या परातीशी या वर्णनाचे साम्य विलक्षण आहे.

पोर्तुगिजांनी हा प्रकार जपानमध्ये नेला. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या जेझुइट धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सत्ताधीशास काचेच्या पात्रातून साखरेचे दाणे भेट दिले. फ्रॉइश त्यापूर्वी गोव्यात शिकलेला होता. पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’ शब्दावरून जपानी मिठाईला ‘कोंपेइतो’ हे नाव पडले. साखरेच्या पाकाला दाण्याचा आकार कसा येतो, हे जपानी कारागिरांना प्रथम उमगेना. इहारा साइकाकू याच्या १६८८ च्या कथासंग्रहात नागासाकीतील एका व्यापाऱ्याने हे गुपित शोधून काढल्याची कथा आहे आणि ते गुपित म्हणजे मध्यभागी असलेला तीळ होय. पुढे तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकीविज्ञाने कोंपेइतोच्या काट्यांकडे एक शास्त्रीय प्रश्न म्हणून लक्ष वेधले. कोंपेइतो व तिळाचा हलवा शेजारी ठेवले, तर ते ओळखणे कठीण जावे. तथापि केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. तीळ, साखर, आच व सतत फिरविणे या चार गोष्टी एकत्र आल्या, की काटा कोठेही येतो.

साखरेची उपलब्धता : एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांचे गोड म्हणजे गूळ होय. पांढरी साखर बाहेरून येई व महाग असे; म्हणून खेड्यापाड्यांत संक्रांत तिळगुळाची आणि शहरांतील सधन घरांत हलव्याची, असा भेद होता. मुंबई बंदरात उतरणाऱ्या मॉरिशसच्या साखरेला ‘मोरस’ हे नाव पडले. परदेशी साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, या कारणाने सणाला व नैवेद्याला ती निषिद्ध मानणारेही होते. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार घालण्यात आला. त्या काळी हलव्यासाठी कोणती साखर घ्यावी, हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता राहिला नव्हता.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. तेव्हा देशात सुमारे ३० आधुनिक कारखाने होते; पाच-सहा वर्षांत ही संख्या १३० च्या वर गेली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि पुढील दशकांत महाराष्ट्र हे साखरेचे प्रमुख राज्य बनले. मधल्या काळात टंचाईही होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, साखरेवर नियंत्रण आले. १९६७ पासून उत्पादनाचा काही भाग शिधापत्रिकेवर नियंत्रित दराने व उरलेला खुल्या बाजारात विकण्याची पद्धत सुरू झाली. अशा वर्षांत संक्रांतीच्या हलव्यासाठी आधीच्या महिन्यांची साखर थोडी थोडी बाजूला काढावी लागे. हलवा घराघरात पोहोचला तो याच शतकात. आणि साखर विपुल झाल्यावर तो घरी करण्याची गरजही त्याच शतकात ओसरू लागली.

श्रम व श्रमिक : हलव्याचे काम गोड असले, तरी सोपे नव्हते. पहाटेच्या थंडीत शेगडीपुढे तासन्‌तास बसल्याने पाठ धरे. तापलेल्या परातीत बोटे फिरवून ती भाजत व टोकांची कातडी जाई. काही स्त्रिया बोटांना फडके गुंडाळीत. परंतु त्यामुळे दाण्याचा अंदाज चुके. लेकीच्या किंवा सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने पुरे करण्यासाठी घरातील सर्व स्त्रिया महिनाभर राबत.

या श्रमांतील विषमताही लक्षात घेतली पाहिजे. उच्चवर्णीय मानल्या गेलेल्या घरांत विधवेला हळदीकुंकवात स्थान नव्हते. तिने दागिना घालावयाचा नव्हता, मग तो साखरेचा का असेना. स्वयंपाकघरातील कष्ट मात्र तिला वर्ज्य नव्हते. समारंभात जिला बसता येत नव्हते, तिच्या हातचा हलवा त्या समारंभात मिरवत असे. ही रूढी पूर्णपणे गेलेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड येथील ग्रामसभेने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला व राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. अलीकडे काही ठिकाणी सर्व स्त्रियांना समान स्थान देणारे तिळगूळ समारंभ होऊ लागले आहेत.

दुसरीकडे, याच कौशल्याने अनेक गरजू स्त्रियांना आधारही दिला. पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत घरी हलवा व दागिने करून विकणे हा विसाव्या शतकात स्त्रियांचा मोसमी गृहोद्योग बनला. जे काम घरात बिनमोल होते, त्याला अशा रीतीने प्रथमच किंमत आली.

सद्यस्थिती : एकोणिसाव्या शतकात युरोपात फिरत्या यांत्रिक पात्राचा वापर सुरू झाला. औषधी गोळ्यांवर साखरेचा लेप देण्यासही तसेच पात्र वापरतात. कलत्या, फिरत्या पात्रात दाणे आपोआप घोळले जातात व त्यांवर ठराविक वेळाने पाक सोडला जातो. आता बाजारात मिळणारा बहुतेक हलवा यंत्रावर केलेला असतो. तो स्वस्त, एकसारखा व हवा तेवढा मिळतो. बहुतेक दागिने पुठ्ठ्यावर डिंकाने दाणे चिकटवून, त्यांत काचेचे मणी व जर मिसळून करतात. त्यामुळे ते खाण्यायोग्य राहत नाहीत. पूर्वी समारंभ संपल्यावर दागिने मोडून मुलांना वाटत. अलंकार आणि खाऊ एकच असणे हे या कलेचे वैशिष्ट्य होते.

यंत्रामुळे हलवा सर्वांना सुलभ झाला आणि बोटे भाजण्याचे कष्ट वाचले, हा लाभ लहान नाही. परातीवरचा हलवा नाहीसा होताना त्याबरोबर एक पदार्थ जात नाही, तर बोटांच्या टोकांत साठविलेले ज्ञान जाते: पाकाची तार, राखेखालच्या निखाऱ्याची धग आणि हवेतील कोरडेपणा एकाच वेळी ओळखण्याचे. पूर्वी ते कागदावर उतरले नाही, कारण ते शिकविणारी माणसे घरातच होती. ज्या घरांत अशा वडीलधाऱ्या स्त्रिया आजही आहेत, तेथे एका संक्रांतीला तरी त्यांच्या परातीपाशी बसून ही कृती पाहणे व टिपून ठेवणे, हेच या परंपरेच्या जतनाचे सर्वांत साधे साधन होय.